जुम्म्याचा डबा

अंबूचा दात पडला तो गुरुवारी, मुलींच्या सरकारी मदरशाच्या मधल्या सुट्टीत, भिजवलेले हरभरे खाताना. घरी आली ती मूठ आवळूनच आली. दप्तर ओसरीवर टाकलं, पाय धुतले न धुतले, आणि चुलीपुढं बसलेल्या नलिनीबाईंच्या नाकासमोर तिनं मूठ उघडली. तळव्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा दात होता. "रक्त आलं थोडं. पण मी रडले न्हाई," अंबू म्हणाली, आणि समोरच्या खिंडीतून शब्दांबरोबर वाराही बाहेर आला. नलिनीबाईंना हसू फुटलं. गेले आठ दिवस त्या रोज सकाळी तो दात बोटानं हलवून बघत होत्या, आज पडतो का उद्या. पडल्यावर काय करायचं तेही मनात ठरवून ठेवलं होतं. शेणाची गोळी करायची, तिच्यात दात घालायचा, आणि पोर साडेसात वर्षांची घोडी झाली तरी तिला कडेवर उचलून तिच्या हातून गोळी माळवदावर भिरकावायची. "आण इकडं," त्या म्हणाल्या. अंबूनं मूठ मिटली. "न्हाई मावशी. हा आईला धाडायचाय. उद्या डब्यात घालून."

नलिनीबाई "बरं" म्हणाल्या. चुलीतलं लाकूड त्यांनी पुढं सारलं, पातेल्यावर झाकण ठेवलं, ठेवलेलं पुन्हा काढलं. खलबत्त्यात बोट सापडतं तेव्हा आधी काहीच होत नाही. माणूस नुसतं बोटाकडं बघत बसतं, कळ मागाहून येते. अंबू ओसरीवर पाटी घेऊन अलिफ-बे गिरवायला बसली, तेव्हा ती कळ आली. आईला धाडायचाय. पडला कुणाच्या दारात, हलताना बोट कुणी लावलं, आणि जाणार कुठं तर तिच्या आईकडं, संतपूरला. बरं, तेही कबूल. दुधाचे दात तिच्या आईचेच, सरूचेच. ते तिच्या दुधावर आले, तिच्या मांडीवर आले. पहिला दात दिसल्याचं नलिनीबाईंना एका कार्डावरून कळलं होतं, तेही नवऱ्यानं, बंडोपंतांनी, वाचून दाखवलं तेव्हा. ज्याचं त्याला जावं. पण त्या खिंडीत आता जो येईल तो कुणाचा? तो या घरच्या दह्यावर, या घरच्या तिळा-जवसावर उगवणार, आणि तो जन्मभराचा. दुधाचे वीस असतात, पक्के बत्तीस, हे त्यांना मदरशात आलेल्या लेडी डॉक्टरकडून कळलं होतं, तेव्हापासून हा हिशेब त्या मनात घोळवत होत्या. वीस तुझे, सरू. बत्तीस माझे. असा हिशेब कुणी करतं का, असं स्वतःलाच विचारून त्या लाजायच्या, आणि पुन्हा करायच्या.

सरू त्यांची धाकटी बहीण, आठ वर्षांनी लहान. दोघींचं माहेर भीमाकाठी करजगीला. नलिनीबाई तेराव्या वर्षी लग्न होऊन बीदरला आल्या. बंडोपंत तालुकदार कचेरीत लिहायला होते, घर गावात, नळ जवळ, सगळं नीट, फक्त मूल नाही. सरू संतपूरच्या श्रीपतराव कुलकर्ण्यांना दिली. तिला चार, पैकी अंबू थोरली. संतपुरात मुलीसाठी शाळा नव्हती, म्हणून मृगाच्या सुमाराला श्रीपतराव तिला मोटारीनं घेऊन आले. "अक्का, एक वरीस बघू. परीक्षा झाली की पुढचं पुढं," असा सरूचा निरोप होता. ते 'पुढचं पुढं' नलिनीबाईंच्या छातीत तेव्हापासून रुतून बसलं होतं. आता माघ संपत आला. चैत्रात परीक्षा. मग ही पोर राहणार की जाणार? बंडोपंत म्हणायचे, "ज्यांची आहे ते ठरवतील." साधं वाक्य, पण ते म्हणाले की त्यांना वाढताना नलिनीबाईंच्या हातून भाताची मूद फुटायची.

शेजारच्या सावित्रम्मा एकदा पायरीवर बसून अंबूच्या वेणीला हात लावत म्हणाल्या होत्या, "अय्यो, काय निगा ठेवलात हो पोरीची! माय मरो न् मावशी उरो म्हणतात ते खोटं न्हाई." कौतुकानंच म्हणाल्या. नलिनीबाईंना ते शब्द इतके गोड लागले की दिवसभर जिभेवर राहिले. मावशी उरो, मावशी उरो. संध्याकाळी दिवा लावताना मात्र म्हणीचा पहिला अर्धा भाग त्यांना ऐकू आला, आणि सरूचं तोंड डोळ्यांपुढं आलं. त्यांनी दोन्ही गालांवर मारून घेतलं. देवापुढं नाक घासलं. पण गोड ते गोडच लागलं होतं, ते आता न लागल्याचं कसं करणार?

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मदरशात लेडी डॉक्टर आली होती. तिनं पोरींना ओळीनं उभं करून तोंडं उघडायला लावली, आणि ज्यांच्या घरून कुणी येऊ शकत होतं त्यांना बोलावून घेतलं. अंबूच्या दुधाच्या तीन दाढा किडल्या होत्या. डॉक्टरीण मोठ्या मायेनं दखनी उर्दूत समजावत होती, गुड़ कम, मिठाई कम, बीच में कुछ देना तो चना देव, ककड़ी देव, गाजर देव. गोड दाताला चिकटून बसतं आणि मग आतून पोखरतं. नलिनीबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या मनात दिवा लागत होता. म्हणजे सरूनं हे केलं. काकवी चाटवली असणार, रडली की गुळाचा खडा दिला असणार. चार पोरांत कोण कुणाचे दात बघतं? आणि म्हणजे आता हे नीट करणारी आपण.

तेव्हापासून अंबूचा शाळेचा डबा हे नलिनीबाईंचं व्रतच झालं. दोन कप्प्यांचा पितळी डबा होता. एकात चतकोर भाकरी, तिच्यावर लोणी आणि शेंगदाण्याची चटणी, तिखट बेतानं. दुसऱ्यात कधी भिजवलेले हरभरे, कधी मोड आलेली मटकी वाफवून. वर लिंबू नाही, कारण आंबटानंही दात शिवशिवतात. कधी थालीपीठ, थंडीत हुरडा. शेवटी खायला गाजर नाहीतर काकडीची फोड किंवा खोबऱ्याचा तुकडा, म्हणजे दात आपोआप पुसले जातात. आणि खाऊन झालं की चूळ, मनातल्या मनात वीस आकडे होईपर्यंत पाणी तोंडात खुळखुळवून. लहान मुलांना एकदा सांगून भागत नाही. शंभरदा सांगावं लागतं, आणि शंभराव्यांदाही आवाज पहिल्यांदा सांगितल्यासारखा ठेवावा लागतो. नलिनीबाईंना ते जमायचं, कुणी शिकवलं नव्हतं तरी. अंबू चूळ भरता भरता एकदा अठरावरच हसली आणि सगळं पाणी मावशीच्या पदरावर. तरी त्या म्हणाल्या, "पुन्हा. एकपासून." एकदा तर मधल्या सुट्टीत मदरशाच्या फाटकातून त्यांनी चोरून बघितलं. निंबाखाली पोरी अंबूला घेरून बसल्या होत्या आणि मटकीवर हात मारत होत्या. एकीनं विचारलं, "तेरी अम्मा ने दिए?" अंबू म्हणाली, "नहीं, ख़ाला ने." मावशीनं. मान ताठ करून म्हणाली. नलिनीबाईंची मानही ताठ झाली. पण घर येईपर्यंत त्या 'नहीं'चं कुसळ कुठंतरी टोचायला लागलंच. नुसतं 'ख़ाला ने' म्हणाली असती तर?

आणि दर शुक्रवारी संतपूरचा डबा यायचा. जुम्म्याची सुट्टी, म्हणून अंबूला घेऊन त्या मोटारीच्या अड्ड्यावर जायच्या. औरादहून निघालेली मोटार संतपूर, जनवाडा करत दहाच्या सुमाराला यायची. हुसेनमियां डायवर खिडकीतूनच ओरडायचा, "बाई, संतपूर का डब्बा!" धोतराच्या फडक्यात बांधलेला, वर गाठ सरूच्या हातची, उलटी. लहानपणापासून ती गाठ उलटीच मारते. आत अकरा लाडू. तीळ, शेंगदाणे, गूळ, वर सुंठ-वेलदोडा. अगदी आईच्या हातचे. नलिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे शिकायचं राहून गेलं. पुढं म्हातारपणी आई सरूकडं दोन वर्षं राहिली, तिथंच गेली, आणि तिच्या हाताची चव सरूकडं उरली. नलिनीबाईंनी दोनदा करून बघितले. एकदा वळलेच नाहीत, एकदा असे झाले की बंडोपंत म्हणाले, "हे जात्यात घालावे लागतील."

पहिल्या शुक्रवारी, डॉक्टरीण येऊन गेल्यानंतरच्या, त्यांनी अंबूला समोर बसवून विचारलं होतं, "लाडू आलेत. पण डॉक्टरीण काय म्हणाली होती?" अंबू म्हणाली, "गोड न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "वास घेऊ का नुसता?" तिनं एक लाडू दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि परत डब्यात ठेवला. त्या मिटलेल्या डोळ्यांमागं कोणतं घर होतं ते नलिनीबाईंना दिसलं. त्या दिवसापासून डबा ओसरीवर उघडायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. लाडू परस्पर फडताळात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात.

सरूला एवढं कळवलं असतं तरी भागलं असतं, की बाई, लाडू नको, डॉक्टरनं बंद केलेत. पण कळवलं तर ती दुसरं काही धाडील. भाजलेल्या शेंगा धाडील, फुटाणे धाडील, जे अंबूला चालतं ते. मग मदरशाच्या डब्यातही सरूच. आणि माहेरचं अन्न परत करणंही बरं नाही. म्हणून लाडू येत राहिले. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून डब्यात चार पेरू घालून त्या हुसेनमियांकडं निरोप द्यायच्या, "सांगा, लाडू छान झाले. अंबूनं आवडीनं खाल्ले." हुसेनमियां प्रामाणिक माणूस. तो ते जसंच्या तसं सांगत असणार, कारण पुढच्या शुक्रवारी पुन्हा अकरा. लढाईनं सगळं महाग झालेलं, घरात तीन पोरं तोंड वासून, तरी अकरा.

ते लाडू कुणी खाल्ले? बंडोपंतांना गोडाची आवड नव्हती. सावित्रम्मांकडं द्यावेत तर बोभाटा. पहिल्यांदा नलिनीबाईंनी एक मोडून बघितला तो खवट तर झाला नाही ना म्हणून. दुपार होती, घरात कुणी नव्हतं. जिभेवर गूळ विरघळला आणि करजगीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. आई उकिडवी बसलेली, परातीत हात, आणि तिच्या मांडीला टेकून सरू. नेहमी सरूच. नलू मोठी, नलूनं पाणी आणावं. त्या लाडू खात होत्या आणि त्यांना राग येत होता, आणि रागानं दुसरा घेतला. गिळताना वाटायचं, हा अंबूच्या पोटात गेला नाही, हा गेला नाही, हा पण नाही. आठवड्याला अकरा. मग मागची दाढ ठणकायची, लवंग धरून त्या पडून राहायच्या. एकदा अशाच चघळत असताना अंबू मदरशातून लवकर आली, शिकवणाऱ्या उस्तानीबाईंना ताप होता म्हणून. उंबऱ्यात उभी राहिली, मावशीच्या गालाचा फुगवटा बघितला, आणि दप्तर ठेवायला गेली. नलिनीबाईंनी स्वतःला समजावलं, लहान आहे, काय कळतंय.

आणि आपण निष्ठुर नाही याची त्यांच्याकडं खूण होती. निजायच्या आधी, दात घासून झाले की, त्या अंबूला वाटीभर ऊन दूध द्यायच्या आणि त्यात दोन चमचे साखर. साखर तेव्हा मिळायची मारामार. बंडोपंत चहा बिनसाखरेचा प्यायचे, पण अंबूच्या वाटीत कधी कमी पडली नाही. लाडू गोड, पेढा गोड, गूळ गोड. दूध ते दूध. त्यातली साखर कुणी गोडात धरतं का? ओठांवर सायीची मिशी घेऊन पोर मांडीवर कलंडायची. तेवढा वेळ नलिनीबाईंना कुणाचाही हेवा वाटत नसे.

त्या शुक्रवारी अड्ड्यावर अंबूनं दात कुणाच्या हातात दिला नाही. चिंधीत बांधला, पेरूंच्या मध्ये स्वतः ठेवला, झाकण स्वतः लावलं, आणि खिडकीशी टाचा उंचावून म्हणाली, "चाचा, आईच्याच हातात द्या." हुसेनमियां म्हणाला, "अरे वा, क्या सोना है क्या इसमें?" अंबू म्हणाली, "दात है मेरा." मोटारीतली माणसं हसली. नलिनीबाई हसल्या नाहीत. दाताच्या आतल्या अंगाला काळी रेघ होती, ती त्यांनी आदल्या दिवशी बघितली होती. बघू दे, असंच त्यांना वाटलं. बघू दे तिला, आपण काय करून ठेवलंय ते.

सोमवारी दहाच्या मोटारीनं सरू आली. न कळवता. दारात उभी, डोईवरचा पदर धुळीनं भरलेला. तीन पोरं जावेकडं ठेवून एकटीच आली होती. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "अक्का, दात बघितला. काळा हाय आतून. मला झोप न्हाई तीन दिवस. कामून झालं असंल ग?"

नलिनीबाईंचं उत्तर दसऱ्यापासून तयार होतं. "तो दुधाचा दात, सरू. दुधाचं जे काही ते संतपूरचं. काकवी चाटवली असशील."

"चाटवली," सरू म्हणाली. खाली बसली. "रडायची, तवा चाटवायचे. धाकटा अंगावर होता, हिच्याकडं बघायला सवडच न्हवती."

इतकं सरळ ती कबूल करील असं वाटलं नव्हतं. नलिनीबाईंना भांडण हवं होतं. त्यांनी गूळपाणी पुढं केलं, मग गुळाची वाटी दिसली तशी ती मागं सारली. "डॉक्टरणीला दावू," सरू म्हणाली. मदरशाच्या फाटकाशी दोघी उभ्या राहिल्या. अंबू बाहेर आली, दोघींना बघितलं, आणि क्षणभरही न थांबता धावली ती सरूकडं. तिच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. मग, तोंड तसंच ठेवून, एक हात मागं करून तिनं चाचपत मावशीचं बोट धरलं. नलिनीबाईंना वाटलं, तो हात सोडवून घ्यावा. सोडवला नाही. बोटाला किती जोर आहे आणि सरूच्या पाठीवरच्या हाताला किती, हे मात्र त्या दवाखान्यापर्यंत जोखत राहिल्या.

डॉक्टरणीनं अंबूला खिडकीशी बसवलं, बारीक पोलादी आकडीनं एकेक दात ठोकून बघितला. पुढचे दात बघून मान डोलावली, हिरड्या बघून शाबास म्हणाली. नलिनीबाई सरूकडं बघत होत्या. मग आकडी खालच्या बाजूला, पार मागं गेली आणि अंबू कळवळली. "ये तो पक्की डाढ़ है," डॉक्टरीण म्हणाली. तिनं दोघींना वाकून बघायला लावलं. सगळ्यात मागची दाढ, पांढरीशुभ्र, मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. "दूध की नहीं है ये. अब्बीच आई. एकीच बार आती, गई तो गई." गोड कोण देतंय हिला, तिनं विचारलं. दिवसाचं नाही एवढं, निजताना तोंडात गोड राहिलं की ते रात्रभर तिथंच बसतं आणि नवी दाढ खातं. निजताना काय देता?

दोन चमचे. नलिनीबाईंना ती वाटी दिसली, चमचा वाटीच्या कडेवर वाजला तोही ऐकू आला. ती दाढ त्यांची होती. बत्तिसांतली. हिरडी फोडून ती वर आली तेव्हा अंबूचं बोट धरून त्यांनीच ती चाचपायला लावली होती, "बघ, तुझी पहिली पक्की दाढ." तोंड उघडून त्यांनी श्वास घेतला. पण त्यांच्या आधी सरू बोलली. मोडक्या दखनीत, पदर तोंडाशी धरून. "मैंच देतूं बाई. दर जुम्मे को लड्डू भेजतूं. ग्यारा-ग्यारा." डॉक्टरीण तिच्यावर रागावली नाही. शिकवायच्या सुरात म्हणाली, माँ का लाड समझती मैं, पर इसको मत भेजो. आज औषध लावते, महिन्यानं आणा. तोवर गोड पूर्ण बंद, नाहीतर दाढ काढावी लागेल. सरू मान हलवत राहिली. अंबू तोंडात कापसाचा बोळा धरून बसली होती, तिला बोलता येत नव्हतं. ती मावशीकडं बघत होती. नलिनीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

परतीची मोटार दुपारची. अड्ड्यावर बाभळीच्या सावलीत सरू दगडावर बसली आणि रडली. "आईनं शिकवलेलं एकच तर येतं मला, अक्का. वाटायचं, एवढं तर आपलं पोरीच्या तोंडात जातंय. आणि तेच विष झालं." नाक पुसून ती म्हणाली, "अंबू तुझ्याकडंच राहू दे. परीक्षेनंतर पण. पुढं किती शिकली तरी. तुला जमतंय, मला न्हाई जमत. ह्यांना मी सांगते." मृगापासून रुतलेलं ते 'पुढचं पुढं' एका वाक्यात निघालं. नलिनीबाई ज्याची वाट बघत होत्या ते हेच. देवापुढं नाक घासूनही जे मागायचं सोडलं नव्हतं ते हेच. आता आनंद येईल म्हणून त्या थांबल्या. खलबत्त्याची कळ येते तशी मागाहून येईल. सरू उठून मोटारीत खिडकीशी जाऊन बसली. हुसेनमियां टपावर गाठोडी बांधत होता. अजून काही आलं नाही.

अंबूनं कापूस थुंकला. "आई, लाडू करूच नको आता?"

"न्हाई ग माय. हात मोडले माझे."

अंबू विचारात पडली. तिच्या कपाळाला आठी आली, गणित अडल्यावर यायची तशी. "मग मावशी काय खाईल?"

सरूला कळलं नाही. रडक्या तोंडानंच तिला हसू आलं आणि तिनं बहिणीकडं बघितलं, पोर काय बोलते याचं कौतुक दोघींनी वाटून घ्यावं म्हणून. नलिनीबाईंच्या जिभेवर वाक्य आयतं होतं: काहीतरी बडबडते झालं. तेवढं पुरलं असतं. मोटार गेली असती, पोर राहिली असती. पण अंबूच्या स्वरात चहाडी नव्हती, तिला खरंच काळजी पडली होती. आणि आता ती मावशीच्या तोंडाकडं बघत होती. चूळ कशी भरायची ते शिकताना बघायची तशी, अगदी बारकाईनं, आपणही तसंच करायचंय म्हणून. आपण जे बोलू ते ही शिकणार, असं नलिनीबाईंना लख्ख दिसलं.

"सरू, लाडू मी खाल्ले," त्या म्हणाल्या. "तिला एकही दिला न्हाई. दसऱ्यापासून एकही. आवडले म्हणून निरोप धाडत होते, तो खोटा. आणि निजताना दुधात साखर मी घालत होते. दाढ मी घालवली. तू न्हाई."

सरूचा चेहरा आधी नुसता रिकामा झाला. मग तिनं मोटारीचं दार उघडलं, खाली उतरली, अंबूचा हात धरला आणि तिला वर चढवलं. दार लावलं. टपावरून हुसेनमियांनं खाली बघितलं आणि पुन्हा दोरीला लागला.

"परीक्षा?" नलिनीबाईंनी विचारलं.

"परीक्षेला आणीन. मीच राहीन संगं." सरू समोर बघत होती, काचेकडं. "कपडे न् दप्तर शुक्रवारी धाडून दे."

"आणि महिन्यानं डॉक्टरणीकडं."

"आणीन म्हणले न्हवं?"

नलिनीबाईंनी खिडकीची पट्टी धरली. आतून काहीतरी सुटून चाललं होतं, आणि ते रिकामं जाऊ द्यायला त्यांना धीर होईना. "ऐक," त्या म्हणाल्या. "हरभरे आदल्या सांजंला भिजत घाल. काकडी शेवटी खायची, आधी दिली तर खाऊन टाकती आणि भाकरी ठेवती. मटकीवर लिंबू पिळू नको. निजताना पाणीच दे. दूध दिलंस तर बिनसाखरेचं, आणि मग चूळ, वीस आकडे. अठरावर हसती, तवा रागवू नको, पुन्हा एकपासून म्हण. उजवीकडनं चावू देऊ नको. खोबरं आवडतं, पण ओलं." त्या सांगत राहिल्या. जे कुणाला कळू नये म्हणून जपलं होतं ते सगळं. सरूची मान वळली नाही, पण ओठ हलत होते. ती पाठ करत होती.

हुसेनमियां उतरला, पुढं जाऊन त्यानं हँडल मारलं. पहिल्यांदा मोटार चालू झाली नाही.

"अक्का," सरू म्हणाली. अजून समोरच बघत. "आईसारखे झाले होते का?"

नलिनीबाईंना ते वाक्य येणार हे माहीत असल्यासारखं झालं, आणि उत्तरही तोंडात आलं: वेलदोडा जास्त होतो तुझा. ते खोटंही नव्हतं. कधीकधी होत होता. पोर तर गेलीच होती, एवढं एक तरी आपल्याकडं ठेवायला काय हरकत होती? अंबू आईच्या मांडीवर वाकून खिडकीतून बघत होती. हँडल पुन्हा फिरलं.

"तसेच," नलिनीबाई म्हणाल्या. "अगदी आईचेच."

अंबू मोटारीत चढताना जड गेलं नव्हतं इतका हा एक शब्द जड गेला. सरूनं आता मान वळवली. मोटारीनं धक्का दिला, नलिनीबाईंनी पट्टी सोडली, तरी त्या अजून सरूच्या तोंडाकडं बघत होत्या. तिथं राग आहे की आणखी काही, ते नीट दिसायच्या आत जनवाड्याच्या वाटेवर धूळ उठली.